कुणाला विचारायला नको असं नेट

गेली अडीच वर्षं माझा एक फोन पाण्याच्या टाकीवर राहतो. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला, वर दोन रबरं लावलेली. घरात रेंज नाही, ओट्यावर एक काडी येते, टाकीवर तीन. त्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, खाली खोलीत लॅपटॉप उघडायचा आणि नाशिक-पुण्याच्या दहावीच्या पोरांना भूमिती शिकवायची, हा माझा धंदा. एप्रिलमध्ये फोन तापून बंद पडतो. मग तास अर्धवट टाकून शिडीवर चढायचं आणि त्याच्यावर ओलं फडकं टाकून यायचं. एकदा वानरांनी पिशवीसकट उचलून लिंबावर नेला होता. पोरांना खरं कारण सांगितलं, तर कुणाचाच विश्वास बसेना.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर. मळा गावापासून दोन किलोमीटर. आई गेल्यावर आबा एकटे पडले, गुडघे गेलेले, आणि मळा सोडून शहरात यायला ते काही तयार होईनात. म्हणून मीच आले. येताना सगळ्याची तयारी केली होती: इन्व्हर्टर, आरओ, आबांसाठी कमोड. नेटचा विचार केला नव्हता. सुरत-नागपूर महामार्ग चार किलोमीटरवर, त्याच्या कडेने फायबर गेलेलं. वाटलं, चार किलोमीटर म्हणजे काय!

चार किलोमीटर म्हणजे काय ते नंतर कळलं. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेलंच आहे. देशातल्या सगळ्या ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, आणि त्यातली एक पेटी आमच्या पंचायतीच्या भिंतीवर आहे. दिवे लागलेले मी पाहिलेत. शेजारच्या मोठ्या गावातल्या केबलवाल्याने गावठाणात स्वतःची लाईनही टाकली आहे. तो म्हणाला, "ताई, तुमच्या मळ्यापर्यंत आणतो, वायर काही महाग नाही. पण मधे पंधरा-वीस खांब लागतील. शेत कुणाचं आहे?"

शेत माझ्या चुलतभावाचं आहे.

आता हे सांगायला फार जागा घालवत नाही, खान्देशातल्या कुणालाही अर्ध्या वाक्यात समजेल. मी एकुलती एक. आबांनी सातबारावर माझं नाव लावलं. भाऊ म्हणाला काहीच नाही, पण त्या वर्षापासून आमचे रोट, म्हणजे कानबाई देवीचा नैवेद्य, वेगळे झाले. श्रावणात कानबाई बसते तेव्हा सुरत, नाशिक, पुणे, कुठून कुठून भाऊबंद गोळा होतात आणि एका ठिकाणी बसून रोट खातात. रोट वेगळे होणं म्हणजे कोर्टाच्या निकालापेक्षा पक्कं. लग्न झालेल्या लेकीला आमच्याकडे तसेही रोट देत नाहीत. म्हणजे रोटात मी नव्हतेच, सातबारात मात्र आले. भावाच्या जागी मी असते तर मलाही ते गोड वाटलं नसतं, हे मी आज लिहू शकते. सहा वर्षांपूर्वी नसतं लिहिलं.

तर, पंधरा खांबांसाठी मला त्याच्या दारात जायचं होतं. आणि मी सॅटेलाईट इंटरनेटबद्दल वाचायला बसले.

या दोन वाक्यांत जो संबंध आहे तो लक्षात यायला मला वर्ष लागलं. तेव्हा मी स्वतःला सांगत होते की मी स्पीड बघतेय, दर बघतेय. गणिताची बाई आहे, वही काढली, रकाने पाडले. खरं म्हणजे मला असं नेट हवं होतं, ज्याच्यासाठी कुणाला विचारावं लागणार नाही. ना भावाला, ना केबलवाल्याला, ना पंचायतीत. छपरावर छत्री ठेवायची, आभाळाकडे तोंड करायचं, झालं. बांध, वाटणी, चुलता-पुतण्या हे सगळं जमिनीवरचं. वर साडेपाचशे किलोमीटरवर कुणाचं नाव लागलंय?

आमच्या गावाला उपग्रह नवा नाही. प्रत्येक पत्र्यावर टीव्हीची छत्री आहे आणि ती दक्षिणेकडे मान करून बसलेली असते, कारण टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथून ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी खिळल्यासारखे. छत्री एकदा बसवली की पुन्हा हलवायची नाही. आणि मृगाचा पहिला सरवा आला की मालिकेच्या ऐन रंगात पडद्यावर निळा चौकोन येतो, हेही सगळ्यांना माहीत. त्यामुळे मी "वरून येणारं नेट" म्हटल्यावर आबांनी पहिलाच प्रश्न विचारला तो बरोबर होता: "पान्यामा चाली का?"

पावसाचं पाणी त्या लहरी शोषतं. मुसळधार असला की वेग पडतो, कधी तुटतो, सर ओसरली की परत येतो. सांगितलं. आबा म्हणाले, मग टाकीवरचा फोन काय वाईट?

त्याच उंचीवरच्या उपग्रहांवरून इंटरनेटही मिळतं आणि ते आज विकत घेता येतं. बँकेच्या शाखा, एटीएम, आडवळणाचे पेट्रोल पंप कित्येक वर्षं त्याच्यावर चालतात. त्याला व्हीसॅट म्हणतात. इस्रोचे जीसॅट-११ सारखे जड उपग्रह त्यासाठीच आहेत. २०१८ च्या डिसेंबरात सोडलेला तो उपग्रह ५,८५४ किलोचा होता. आबांचा एक जुना विद्यार्थी महामार्गावर पंप चालवतो, त्याच्याकडे व्हीसॅट आहे. एका रविवारी मी त्याच्या केबिनमध्ये बसून तास घेऊन पाहिला. चित्र बरं होतं, आवाज स्वच्छ. पण मी विचारायचे, "कळलं का?" आणि समोर शांतता. मला वाटायचं नाही कळलं, मी पुन्हा सुरू करायचे, तेवढ्यात पोरांचं "हो मॅम" येऊन माझ्या वाक्यावर आदळायचं. मग दोघं थांबायचे. मग दोघं एकदम बोलायचे. लहानपणी कुवेतच्या मामाचा फोन यायचा, तसं.

त्याचं गणित सोपं आहे आणि मी ते नंतर वर्गात घातलं. माझा प्रश्न वर जाणार, खाली येणार. पोरांचं उत्तर पुन्हा वर जाणार, खाली येणार. चार खेपा. ३५,७८६ गुणिले चार म्हणजे १,४३,१४४ किलोमीटर. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात. हा अर्धा सेकंद कोणतीही कंपनी, कितीही पैसे घेऊन कमी करू शकत नाही. बिल भरायला, बातम्या वाचायला, पिक्चर बघायला तो आड येत नाही. शिकवायला येतो. शिकवणं म्हणजे अर्धं समोरच्याचा चेहरा पडायच्या आत ओळखणं असतं. शिवाय या योजनांत महिन्याला ठरावीक जीबी असतात, ते संपले की नेट बैलगाडीने.

पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या उपग्रहांचं मोल याच्यासाठीच आहे. स्टारलिंक या अमेरिकी कंपनीचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात. तोच हिशोब मांडला तर चार खेपांचे २,२०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले सातेक. मधली यंत्रं, जमिनीवरची केंद्रं धरून प्रत्यक्षात वीस ते चाळीस भाग पडतात. ते कुणाला जाणवत नाही. पण खाली उतरलं की एका जागी थांबता येत नाही. इतक्या खालचा उपग्रह दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीला फेरी मारतो आणि तुमच्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो. एक गेला की दुसरा पकडायचा. म्हणून ते हजारांनी लागतात. पहिले साठ मे २०१९ मध्ये गेले, आज आठ हजारांहून जास्त फिरताहेत. घरावरची छत्री प्रत्यक्षात सपाट पाटी असते. ती मान न हलवता, आतल्या शेकडो बारीक अँटेनांच्या जोरावर एक उपग्रह सोडून दुसरा धरत राहते. या कल्पनेवर मी भाळले होते हे कबूल करते. रात्री अंगणात खाट टाकून वर बघत बसायचे. २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आभाळातून पेटते गोळे सरकत गेलेले सगळ्या महाराष्ट्राने पाहिले होते. चिनी रॉकेटचे तुकडे होते ते, एक कडं चंद्रपूरकडे सिंदेवाहीत पडलं. त्या दिवशी गावात लोक हात जोडून उभे होते. आता मी जवळपास तशीच बसत होते.

मग अडचणी. पहिली लिंबाची. त्या पाटीला वर सुमारे ११० अंशांचं मोकळं आभाळ लागतं. फोनचा कॅमेरा आभाळाकडे धरून चारी बाजूंनी फिरवला की कुठे आडोसा आहे ते दाखवणारं ॲप आहे. मी छपरावर उभी राहून गोल फिरले. आमच्या घरावर आईने लावलेला लिंब झुकलाय, उत्तरेकडचा सगळा भाग लाल आला. फांद्या तोडू म्हटलं तर आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांना ऐकू येतं.

दुसरी विजेची. समोरच्या पठारावर ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या रात्रंदिवस फिरताना दिसतात. तालुक्यातच शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. आणि आमच्या मळ्याची लाईन शेतीच्या फीडरवर! थ्री फेज आठ तास, तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती पाटी ७५ ते १०० वॅट खाते. एका बल्बाएवढं वाटतं, पण चोवीस तास चालू ठेवली तर दिवसाला दोन युनिटं. इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी, त्यावर पंखा, फ्रिज नाही धरला तरी आबांचा दिवा, राउटर, लॅपटॉप. आभाळातलं नेट कुणावर अवलंबून नाही असं मी म्हणत होते, पण ते डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर अवलंबून होतं. डीपी जळाला की वर्गणी काढून, वायरमनच्या मागे लागून तो बदलून आणणारा माणूस कोण? तोच. भाऊ.

तिसरी पैशाची. २०२१ मध्ये स्टारलिंकने परवाना नसतानाच भारतात आगाऊ नोंदणी घेतली होती, सरकारने अडवलं आणि पैसे परत करावे लागले. परवाना मिळाला जून २०२५ मध्ये. असंच नेट देऊ पाहणाऱ्या वनवेब आणि जिओला त्याच्या आधीच मिळालेला. हे लिहितेय तेव्हा, म्हणजे २०२५ संपता संपता, घरगुती सेवा काही सुरू झालेली नाही. स्पेक्ट्रमचं आणि सुरक्षा तपासणीचं काम बाकी. डिसेंबरात मात्र त्यांच्या संकेतस्थळावर काही तास दर झळकले: महिन्याला ८,६०० रुपये, यंत्राचे ३४,००० वेगळे. मग कंपनीने सांगितलं की ते चाचणीचे आकडे होते, चुकून दिसले. पण तेवढ्यात मी आबांना वाचून दाखवले होते आणि आबा कोणताही आकडा कांद्यात करून बघतात. बाराशेचा भाव धरला. "सात क्विंटल," म्हणाले. "दर महिन्याला सात क्विंटल कांदा आभाळात फेकायचा." यंत्राचे अठ्ठावीस. आकडे चुकीचे असले तरी आबांच्या डोक्यातून ते आता निघत नाहीत.

माझी हौस थोडी उतरली ती मात्र कांद्याने नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं. असं करणारं देशातलं पहिलं राज्य. गडचिरोली, वाशिम, धाराशिव आणि आपलं नंदुरबार, इथल्या दुर्गम भागांत सरकारी संस्था आणि गावांना जोडायचं असं त्यात आहे. बातमी वाचली आणि धडगावकडच्या एका आश्रमशाळेत असलेली मैत्रीण आठवली. मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे दोन दिवस राहिले होते. तोरणमाळच्या पलीकडे सातपुड्याच्या घड्यांमध्ये पाडे असे विखुरलेत की एका पाड्यातून दुसऱ्याचा दिवा दिसतो आणि पोचायला दोन तास लागतात. तिथे रेंजचा दगड आहे. खरंच दगड. त्याच्यावर उभं राहिलं की फोन लागतो, खाली उतरलं की नाही. रेशनचं मशीन घेऊन दुकानदार त्या टेकडावर जातो आणि म्हाताऱ्या बाया अंगठा लावायला चढतात. एकीचा अंगठा तीनदा घेतला नाही मशीनने. ती काहीच बोलली नाही, लुगड्याला बोट पुसून चौथ्यांदा लावलं.

देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात दिलं गेलं होतं, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पंतप्रधान आले होते. त्याला पंधरा वर्षं झाली. अंगठा पोचलाय, तो वाहून नेणारी वाट अजून टेकडावर चढते.

तिथे फायबर न्यायचं तर डोंगर फोडायचे, जंगल खात्याची परवानगी काढायची, आणि पहिल्याच पावसात दरड येऊन ते तुटणार. तिथे वरून येणारं नेट ही निवड नाही, तोच एक रस्ता. शाळेला एक, आरोग्य उपकेंद्राला एक, रेशन दुकानाला एक. दर कितीही असो, सरकारने भरावा, लवकर भरावा. आणि मी? माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर फायबर, मधे एक भाऊ. त्याच्याशी बोलायचं टाळण्यासाठी मी सात क्विंटल कांदा मोजायला निघाले होते.

दुसरं असं की वरच्या नेटचीही वाटणी असते, हे मला फार उशिरा दिसलं, आणि ते दिसायला पाहिजे होतं कारण मी पांझरेकाठची आहे. आमच्याकडे शेकडो वर्षांपासून फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. पाणी कुणी आपल्या हाताने घ्यायचं नाही, पाटकरी देणार. बहुतेकांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात, म्हणजे टंचाईच्या साली एखादा फड कोरडा ठेवायचं ठरलं तर झळ सगळ्यांना सारखी. उपग्रहाचा झोतही जमिनीच्या एका तुकड्यावर पडतो आणि त्या तुकड्यातल्या सगळ्यांत तेवढंच पाणी वाटलं जातं. ग्राहक वाढले की प्रत्येकाच्या वाट्याची धार बारीक. जुलै २०२५ मध्ये दूरसंचार राज्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की स्टारलिंकला भारतात २० लाखांपर्यंतच ग्राहक घेता येतील. म्हणजे हाही फडच आहे. फक्त पाटकरी कुठे बसतो ते माहीत नाही आणि त्याच्याशी भांडता येत नाही. आणि ते पाणी शेवटी जमिनीवरच्या कुठल्यातरी केंद्रात उतरून फायबरमध्येच शिरतं, ते वेगळंच.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी भावाच्या दारात गेले. फार काही घडलं नाही. वहिनीने पाणी दिलं. मी खांबांचं सांगितलं, बांधाच्या कडेकडेने जातील, नांगराला अडणार नाहीत, वगैरे. तो कांद्याची रोपं मोजत होता, मान वर न करता म्हणाला, "गाड ना मंग. कोन नही म्हनस?" सहा वर्षं मी ज्या नकाराची तयारी करत होते तो त्याच्याकडे नव्हताच, किंवा असेल, झिजून गेला असेल. निघताना म्हणाला, पोरगा पोलीस भरतीचे पेपर मोबाईलवर सोडवतो, त्यालाही जोडणी बघ.

एवढ्यावरून सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. रोट अजून वेगळेच आहेत. खांब गाडले तेव्हा एक त्याने सांगितल्यापेक्षा हातभर आत गेला, त्यावरून केबलवाल्याला त्याने जे सुनावलं ते मला ऐकवायचं होतं हे मला कळलं. वायर आली, चाळीसचा वेग मिळाला, फोन टाकीवरून खाली उतरला. तिसऱ्याच आठवड्यात चाऱ्याने लादलेली ट्रॉली वायर घेऊन गेली. केबलवाला दोन दिवस फोन उचलेना. फोन परत टाकीवर. भावाने बांबूची काठी लावून वायर वर उचलली. ती अजून तशीच आहे, वारा आला की घासते आणि माझ्या तासात खरखर येते.

म्हणून ती वही मी बंद केलेली नाही. एक वायर, एक ट्रॉली, एक केबलवाला, एवढ्यावर दहावीच्या बत्तीस पोरांची परीक्षा टांगून ठेवायची मला भीती वाटते. दर परवडण्यासारखा निघाला तर वरचं नेटही घेईन, जोडीला. लिंबाला हात न लावता टाकीच्या शेजारी दहा फुटी पाईप उभा केला तर आभाळ बरंचसं मोकळं मिळतं. सूर्याच्या दोन पाट्या लावल्या की डीपीचाही प्रश्न नाही.

परवा रात्री नेट बरं होतं म्हणून "सेवा सुरू झाली की कळवा" असा फॉर्म भरायला बसले. पत्ता मागितला. मळ्याला कसला पत्ता? मग नकाशा उघडून आपल्या घरावर खूण करायची होती. वरून काढलेला फोटो, लिंबाचा हिरवा ठिपका, टाकी, पत्रा, सगळं ओळखू आलं. पण आमच्या छपराच्या बरोबर वर कुणीतरी आधीच नाव टाकून ठेवलेलं होतं: भावाच्या पोराचं नाव, पुढे "फार्म". पोराने कधीतरी गंमत म्हणून टाकलं असणार. खूण हलवली तर ती बांधावर जाऊन बसली, आणि मोबाईलवर तो बांध केसाएवढा.

आबांना चष्मा लावायला सांगून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मंग," ते म्हणाले, "यानाकरता बी त्यालेच इचारनं पडी का आते?"